कापडाची कात्री आणि तिची धार

जीन्सची पँट दुकानात टांगली की गिऱ्हाईक रंग बघते, धुलाई बघते, खिशावरची शिलाई बोटाने चाचपते. ती कापली कोणी आणि कशाने, हा प्रश्न कोणाला पडत नाही. खरे तर पँटचा निम्मा निकाल शिलाई यंत्रापाशी पोचण्याआधीच लागलेला असतो. कापड पसरलेल्या लांबलचक टेबलावर, कटिंग मास्टरच्या हाताखालच्या पात्यापाशी तो लागतो. पाते धारदार असेल तर पुढच्या कारागिरांचे काम सुरळीत चालते. नसेल तर ओव्हरलॉकवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्या एका पात्याची चूक सांभाळून घेत बसतात.

हे पुस्तक त्या पात्याविषयी आहे. कापड कापणाऱ्या हत्यारांची धार कशाने टिकते, कशाने जाते आणि गेलेली परत कशी आणायची, एवढाच त्याचा विषय. तो लहान वाटतो खरा. मराठीत शिवणकामाची पुस्तके कमी नाहीत. छाती, मुंढा, गळा, बाही यांच्या मापांचे तक्ते त्यांत पानोपानी सापडतात. कात्रीची बोळवण मात्र बहुधा ‘चांगली धारदार कात्री घ्यावी’ एवढ्या एका वाक्यात होते. घेतल्यानंतर सहा महिन्यांनी तिचे काय करायचे, हे सांगायचे राहून जाते. आणि बहुतेक घरांत खरी अडचण तिथूनच सुरू होते.

सुरुवात उल्हासनगरपासून करायला कारण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत वसवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत जवळजवळ लाखभर माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. छावणीचे जे पाच भाग होते त्यांचे आकडे पत्त्यांत अजून तसेच आहेत, कॅम्प १ ते कॅम्प ५. लोकांच्या हाताला काम हवे होते आणि भांडवल नव्हते, त्यामुळे घराच्या ओटीवर सुरू करता येतील असे धंदे इथे आधी रुजले. शिवणकाम त्यांतलेच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातली चेष्टा बाजूला ठेवली तर जे चालते ते बनवून दाखवण्याची या गावाची तयारी तेवढी उरते. आज कॅम्प २ मधले गजानन मार्केट कपड्यांसाठी आणि कॅम्प ५ चे जीन्स मार्केट पँटींसाठी ओळखले जाते. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी नदीचे काय झाले, हे वर्तमानपत्रांत भरपूर छापून आले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. धुलाईची चर्चा झाली, होणे गरजेचेही होते. कटिंगच्या टेबलाची कधी झाली नाही.

त्याच वालधुनीच्या काठावर, थोडे वरच्या अंगाला, अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. शिलाहारांच्या काळातले हे देऊळ. शिलालेखातला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. काळ्या बेसॉल्टवर इतके बारीक कोरीवकाम महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. बेसॉल्ट छिन्नीला सहज वळत नाही. पाथरवटांचा नियम आजही तोच आहे: दगड कठीण तेवढ्या छिन्नीच्या फेऱ्या लोहाराकडे जास्त. छिन्नी तापवायची, ठोकून पाजवायची, पाणी द्यायचे आणि पुन्हा दगडापाशी यायचे. हत्यार पाजवण्यात गेलेला वेळ हा कामातलाच वेळ आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शिवणाऱ्यांना मात्र तो वाया गेलेला वेळ वाटतो.

कापड तर मऊ, मग पात्याला त्याचा त्रास काय, असे कोणी विचारील. धार म्हणजे पोलादाची अतिशय पातळ कड. ती दोन तऱ्हांनी जाते: हळूहळू झिजून गोल होते किंवा एका जागी खांडते. सुती कापडाने झीज होते, पण सावकाश. पॉलिएस्टर आणि इतर कृत्रिम धाग्यांची गोष्ट वेगळी. या धाग्यांची चकाकी मारण्यासाठी त्यांत टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूड घालतात. दिसायला ती पांढऱ्या रंगासारखी निरुपद्रवी, पण कठीण. धाग्याबरोबर ती पात्यावरून घासत जाते आणि कड खाते. कागदाचेही तसेच. गुळगुळीत, पांढऱ्या कागदात चुनखडीची किंवा चिनी मातीची पूड भरलेली असते. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, हा आई-आजीचा दम मुलांना निव्वळ कटकट वाटतो. त्याच्यामागचे कारण असे खनिज आहे.

डेनिमचा प्रश्न जाडीचा. तीन उभे धागे वर आणि एक खाली अशा तिरक्या वीणेचे हे दाट कापड. पँटीसाठी ते साधारण बारा ते चौदा औंस वजनाचे वापरतात, म्हणजे एका चौरस वारात तेवढे सूत. त्याचे थर एकावर एक पसरून, वर मापांचा कागदी मार्कर ठेवून, उभ्या पात्याच्या विजेच्या यंत्राने एकदम कापतात. या यंत्राची गोष्ट १८८८ सालची. अमेरिकेतल्या बफेलो शहरात ईस्टमन कंपनीने विजेवर चालणारे कापड कापण्याचे यंत्र काढले. तोवर कारखान्यांतही मोठ्या कात्र्या आणि हाताने ओढायच्या सुऱ्यांवरच भिस्त होती. आज उल्हासनगरात जपानी बनावटीची यंत्रे दिसतात, चिनी दिसतात. रचना मात्र बहुतेक तीच. खाली चाकांवर सरकणारी पट्टी, वर मोटर आणि मध्ये वरखाली वेगाने हलणारे सरळ पाते.

या यंत्राची एक खुबी अशी की धार लावायची सोय यंत्रातच असते. कळ दाबली की दोन छोटे सॅंडपेपरचे पट्टे फिरत पात्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली जातात आणि कड घासून देतात. काही क्षणांचे काम. पण हीच सोय कधी कधी घात करते. पट्टा झिजून गुळगुळीत झाला तरी बदलला जात नाही, मग तो घासत नाही, नुसता तापवतो. किंवा मास्टर उगाच पुन्हा पुन्हा कळ दाबत राहतो आणि पाते महिन्याच्या जागी आठवड्यात अरुंद होते. अरुंद पाते डगमगते. डगमगणाऱ्या पात्याने थप्पीचा वरचा थर एका रेषेत कापला जातो आणि तळचा थर दुसऱ्या. एकाच बत्तिशीच्या दोन पँटींपैकी एक कमरेला घट्ट बसते आणि दुसरी सैल, त्याचे एक कारण इथे असते. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, ‘एक साइज मोठी घ्या.’

आणखी एक भानगड स्ट्रेच डेनिमने आणली. त्यात ताणाचा धागा असतो, बऱ्याचदा पॉलिएस्टरही. बोथट पाते कापण्याऐवजी घासत जाते, घर्षणाने तापते आणि कृत्रिम धागे कडेला वितळून एकमेकांना चिकटतात. थप्पी कापून झाली तरी थर सुटत नाहीत, पुस्तकाच्या न कापलेल्या पानांसारखे जोडलेले राहतात. त्यावर उपाय तीन: धार ताजी ठेवणे, थप्पी कमी उंचीची करणे आणि पात्याचा वेग उतरवणे. पहिला सर्वांत स्वस्त. उरलेले दोन वेळ खातात, म्हणून ठेकेदाराला आवडत नाहीत. पोलादी कड्यांच्या जाळीचा हातमोजा हे याच टेबलावरचे दुसरे नावडते साधन. पाते बोथट असले की मास्टर डाव्या हाताने कापड जास्त दाबून धरतो, यंत्र जास्त जोराने ढकलतो. अशा वेळी हात घसरण्याची भीती वाढते. धारदार पात्यापेक्षा बोथट पाते जास्त धोक्याचे आहे, हे कारखान्यांत सर्वांना माहीत असते, तरी मोजा खुंटीवरच राहतो.

कारखाना सोडून घराकडे वळले की हत्यार बदलते. बदलापूरच्या इमारतींत ‘ब्लाउज शिवून मिळतील, फॉल-पिको करून मिळेल’ अशा पाट्या जिन्याजिन्यावर आहेत. शिवण व कर्तनाचा क्लास केलेल्या, बचत गटातून यंत्र घेतलेल्या, सकाळची गर्दीची लोकल नको म्हणून घरीच काम काढलेल्या बायका हा या भागातला मोठा वर्ग. त्यांच्याकडे कटिंग मशीन नसते. असते ती एक कात्री, आणि बऱ्याचदा तीच एक. तिच्यानेच खाकी कागदावरचे ड्राफ्ट कापले जातात, तिच्यानेच अस्तर, बुकरम, काठ आणि जरी. जरीत धातूची तार असली की कड खांडायला ती एकटी पुरेशी. टाचणीवरून एकदा कात्री गेली तरी तेच. मग बाई म्हणते, कात्री खराब निघाली.

कात्री खराब निघालेली नसते. ती समजून घेतलेली नसते. आणि या पुस्तकाचा सगळा भर ज्या एका गोष्टीवर आहे ती इथेच सांगितलेली बरी: सुरीची धार सुरीच्या कडेत असते, कात्रीची धार दोन पात्यांच्या भेटीत. दोन्ही पाती वेगवेगळी कितीही तीक्ष्ण केली आणि ती नीट भेटली नाहीत, तर कात्री कापड चावते, दुमडते, पण कापत नाही. उलट मध्यम धारेची पाती नीट भेटली तर झकास चालतात.

चांगली कात्री मिटून उजेडासमोर धरली तर दोन पात्यांमध्ये बारीक फट दिसते. ती फट दोष नव्हे. पाती मुद्दाम किंचित बाकदार केलेली असतात, म्हणून मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूवर एकमेकांना टेकतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. कापड कापले जाते ते त्या सरकत्या बिंदूवर. पात्यांच्या आतल्या बाजू, म्हणजे एकमेकांकडे तोंड केलेल्या, किंचित खोलगट असतात. धार लावायची ती फक्त बाहेरच्या उतारावर, मुळात जो कोन आहे त्याच कोनात. आतली बाजू दगडावर घासून सपाट केली की खोलगटपणा गेला, बाक गेला आणि कात्री संपली. शेकडो चांगल्या कात्र्या वापराने नव्हे, अशा धार लावण्याने मेल्या आहेत.

खिळ्याकडेही पाहावे लागते. कात्री उघडून एक मूठ हातात धरायची आणि दुसरी सोडून द्यायची. ती अलगद खाली येऊन मध्येच कुठेतरी थांबली तर खिळा बरोबर. धाडकन मिटली तर सैल. जागची हललीच नाही तर घट्ट, किंवा खिळ्यापाशी सुताचा कचरा आणि जुने तेल साचून घट्ट झालेले. पातळ जॉर्जेट कापताना कापड दोन पात्यांमध्ये घुसून दुमडत असेल, तर शंभरातल्या बहुतेक वेळा रोग सैल खिळ्याचा असतो आणि औषध धारेचे दिले जाते. डावखुऱ्यांचा त्रास वेगळाच. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की बोटांचा दाब पाती जवळ आणण्याऐवजी एकमेकांपासून दूर करतो. त्यांना आरशातल्यासारखी उलटी जोडलेली कात्री लागते. आपल्या शिवणक्लासांत डावखुऱ्या मुलींना सरळ ‘हात सुधार’ असे सांगितले जाते; खरे तर सुधारायची असते कात्री.

घरगुती उपायांपैकी ॲल्युमिनियमची फॉइल कापणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा. फॉइलने कडेवरचा वाकलेला बारीक पोपडा सरळ होतो, कात्री तासभर बरी चालल्यासारखी वाटते. नवी धार तयार होत नाही, कारण पोलाद घासून काढल्याशिवाय ती तयार होऊच शकत नाही. सॅंडपेपर कापण्याचा सल्ला तर कापडाच्या कात्रीला देऊच नये.

मग पोलाद घासायचे कोणी? इथे शिकलगारांचे नाव घ्यावे लागते. तलवारी, कट्यारी, भाले यांना धार आणि झळाळी देणारे हे कारागीर मराठी मुलखात जुने. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे शिकलगार हे आडनाव आजही ठिकठिकाणी भेटते. नांदेडकडे आणि इतर शहरांत शीख शिकलगारांची वस्ती आहे. कुरुंद दगडाची पूड लाखेत मळून बनवलेली सहाण हे त्यांचे पारंपरिक हत्यार. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. तलवारींना धार लावणाऱ्यांचे गिऱ्हाईकच सरकारने काढून घेतले. विळ्या, सुऱ्या, अडकित्ते, कात्र्या हे मग उरलेले काम.

योगायोग असा की जपानमध्ये दोनच वर्षे आधी, १८७६ साली, सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. तिथल्या तलवारी घडवणाऱ्यांपैकी काहींनी त्याच सुमारास आलेल्या पाश्चात्त्य शिंपीकामाच्या कात्र्यांकडे मोर्चा वळवला. टोकियोत योशिदा याकिची या कारागिराने ती अवजड परदेशी कात्री जपानी हाताला जमेल अशी आटोपशीर केली आणि तिची घराणी तयार झाली. गुरु-शिष्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या हातघडणीच्या कात्र्या जगभरचे शिंपी आजही मोठी किंमत मोजून घेतात. दोन्हीकडे कायदा सारखाच. पण तिथे तलवारीचे कसब नव्या हत्याराच्या घडणीत शिरले आणि मान टिकवून राहिले. आपल्याकडे ते सायकलवर चढून रस्त्याला लागले.

ती सायकल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वसाहतींत आजही अधूनमधून दिसते. स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचे, पट्ट्याने पुढचा दगड फिरतो. काहींनी आता मोटर बसवून घेतली आहे. ठिणग्या उडतात, मुले जमतात, काम दोन मिनिटांत होते. या धारवाल्यांविषयी लिहिताना तुच्छतेचा सूर येऊ नये, कारण त्यांच्यातले काही फार चांगले काम करतात. पण दिवसभर येतात त्या सुऱ्या आणि विळ्या, कात्री क्वचित. सुरीच्या सवयीने कात्रीलाही पातळ कोन दिला जातो. दिसायला धार झगमगते, पहिले चार कपडे लोण्यासारखे कापले जातात आणि मग पातळ कड मोडते. दुसरा धोका तापण्याचा. दगडावर पाते जास्त वेळ दाबून धरले आणि कडेवर निळसर झाक आली, तर पोलाद तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापले असे समजावे. तेवढ्या जागेचे पाणी उतरते, ती मऊ पडते आणि पुढे कधीच धार धरत नाही. म्हणून पाण्याचा डबा जवळ ठेवून पाते वरचेवर बुडवणारा धारवाला दिसला तर त्याच्याकडे खुशाल द्यावे. डबा नसेल तर कापडाची कात्री देऊ नये, विळी द्यावी.

काम झाल्यावर त्याच्यासमोरच चिंधी कापून पाहावी, तीही टोकाने. मुळापाशी कोणतीही कात्री कापते. टोक कापते का, आणि कापडाचा धागा न ओढता कापते का, एवढीच परीक्षा. पॉलिएस्टरचे पातळ अस्तर किंवा ओला करून पिळलेला मलमलचा तुकडा यासाठी उत्तम.

आपल्याकडच्या बहुतेक शिंप्यांच्या हातात मेरठची कात्री असते किंवा निदान होती. मेरठचा हा उद्योग काही शतकांचा. मोटारींच्या आणि रेल्वेच्या मोडीत निघालेल्या स्प्रिंगांसारख्या भंगार पोलादातून पाती घडवायची आणि पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या मुठी ओतायच्या, ही तिथली रीत. २०१३ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. कारण ती उघडता येते. खिळ्याच्या जागी नट-बोल्ट असतो, पाते सुटे करून घासता येते, पुन्हा जोडता येते. याच्या उलट फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेली नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची कात्री. हलकी, हाताला सुखद, तिने जगभरच्या घरांत क्रांती केली. तिचा नारिंगी रंगही योजून ठेवलेला नव्हता. फळांचा रस काढायच्या यंत्रांसाठी आणलेले प्लास्टिक उरले होते. पण तिच्या जिवावर निघालेल्या स्वस्त नकलांचा खिळा ठोकून पक्का केलेला असतो. सैल झाला की कात्री टाकायची. ज्यांना रोज कापड कापायचे आहे त्यांनी नट-बोल्टची कात्री घ्यावी, वजनाला जड असली तरी. या बाबतीत पुस्तकाचे मत ठाम आहे.

गोधडीचा विषय या सगळ्यात थोडा वेगळा पडतो. मराठी घरातली गोधडी कात्रीवर फारशी अवलंबून नव्हतीच. जुने लुगडे, धोतर दाताने किंवा टोकाने एक खाच देऊन टर्रकन फाडायचे. कापड धाग्यातून सरळ फाटते, आणि अशी सरळ रेघ कात्रीनेही सहज मिळत नाही. वर ठिगळे, आत जुने थर आणि सगळ्यावरून धावदोरा. तिथे माप डोळ्यांत होते. आता गोधडीला क्विल्ट म्हणून नवे दिवस आले आहेत, चौकोनांचे नि त्रिकोणांचे नेमके नक्षीकाम शिवले जाते, आणि तिथे फाडून भागत नाही. हिशेब सोपा आहे. एका ओळीत बारा चौकोन आणि प्रत्येक चौकोन फक्त दोन मिलिमीटरने चुकला, तर ओळीच्या शेवटी चोवीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे जवळजवळ एक इंच. बोथट कात्री कापड पुढे ढकलते, त्यामुळे चूक नेहमी एकाच दिशेची होते आणि साठत जाते.

या नेमकेपणासाठी गोल पात्याचा कटर वापरतात. जपानच्या ओल्फा कंपनीचा तो शोध, १९७९ सालचा. याच कंपनीच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली टोकाचा तुकडा मोडून नवी धार काढायचे पाते शोधले होते. कटरवर रेघा असलेली ती पाती आज आपल्या प्रत्येक कचेरीत आहेत. गोल कटर काढला होता शिंपीकामासाठी, पण तो उचलला क्विल्ट करणाऱ्या बायकांनी. पंचेचाळीस मिलिमीटरचे पाते, खाली कापली तरी पुन्हा मिटणारी चटई आणि वर पारदर्शक जाड पट्टी, एवढ्या साहित्यावर कापडाचे अनेक थर एका ओढीत कापले जातात. त्याचे पाते बोथट झाल्याची खूण अशी की कापलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने एखादा धागा शाबूत राहतो. पात्याला कुठेतरी खांड पडली आहे, आणि दर फेऱ्याला ती खांड त्या जागी येते. हे पाते घरी घासून धार लावायचे यंत्र विकत मिळते. त्याच्या नादी लागू नये. इतक्या पातळ गोल पात्याचा कोन हाताने राखता येत नाही, नवे बसवावे. जुने मात्र कचऱ्यात तसेच टाकू नये. कचरा वेचणाऱ्यांचे हात त्यावर कापतात. पत्र्याच्या छोट्या डबीत साठवून, डबीला टेप लावून मगच द्यावे.

जीन्स मार्केटमधून निघणाऱ्या चिंध्यांची गोधडी करायची कल्पना हल्ली बऱ्याच जणींना सुचते. चिंधी किलोवर मिळते, रंग निळ्याच्या सगळ्या छटांचा, टिकाऊपणाचा प्रश्नच नाही. पण दुहेरी शिलाईचे जाड सांधे, तांब्याची रिबिटे आणि झिपचे तुकडे त्यांत लपलेले असतात. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी ज्या रिबिटाच्या कल्पनेचे पेटंट मिळाले, ते रिबिट पँट मजबूत करते आणि कात्री मारते. चिंध्या आधी निवडाव्यात, धातू असलेला भाग जुन्या कात्रीने काढून टाकावा, मगच चांगले हत्यार हातात घ्यावे.

आणि पाऊस. उल्हास नदीच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हवा ओली असते, कपाटातले कपडे सुद्धा दमट लागतात. कात्रीच्या खिळ्यापाशी अडकलेले सूत ही दमट हवा शोषून घेते आणि पोलादाला लावून धरते. गंज तिथून सुरू होतो, वर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. काम संपले की कोरड्या फडक्याने पाती पुसावीत, खिळ्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा, कात्री दोन-चारदा उघडमीट करून जादा तेल चिंधीने टिपावे. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरते. कात्रीसोबत कापडी पिशवी येते ती बाजारातून आणण्यापुरती. पावसाळ्यात त्या पिशवीत कात्री ठेवणे म्हणजे तिला ओल्या पंच्यात गुंडाळणे. २६ जुलै २००५ चा आणि त्यानंतरचेही पूर अनुभवलेल्या घरांना हे जास्त सांगायला नको. गढूळ पाण्यात बुडालेली कात्री स्वच्छ पाण्याने धुवून, खिळा उघडून, पूर्ण वाळवून तेल दिले तर बहुतेक वेळा वाचते, मात्र हे त्याच दिवशी व्हायला हवे.

पुढच्या प्रकरणांत याच गोष्टी सविस्तर येतील. आधी घरातल्या कात्रीची तपासणी, मग हाताने दगडावर धार लावण्याची कृती, मग कटिंग मशीनचे पट्टे आणि पाती, शेवटी गोल कटर, धागा तोडायचे निपर आणि नागमोडी कात्री. नागमोडी कात्रीच्या प्रकरणाची लांबी पाहून वाचकांनी दचकू नये. तिची दातेरी धार घरी लावता येत नाही, एवढेच त्यात मुख्यतः सांगितले आहे. बाकीचे ती बोथट होऊ नये म्हणून.

ज्यांना सगळे वाचायला वेळ नाही त्यांनी निदान तिसरे प्रकरण वाचून एका जुन्या, टाकून दिलेल्या कात्रीवर हात बसवावा. चांगलीवर पहिला प्रयोग करू नये. आणि कात्री धारवाल्याकडे द्यायचीच असेल तर ती श्रावणात द्यावी, नवरात्रानंतर नाही; दिवाळीच्या ब्लाउजांची गर्दी सुरू झाली की हत्यार एक दिवसही हातावेगळे करवत नाही. खंडेनवमीला यंत्राबरोबर कात्रीचीही पूजा होते. हळद-कुंकू आणि ओली फुले रात्रभर पात्यावर राहू देऊ नयेत, आरती झाल्यावर पुसून तेल लावून ठेवावे.